गोष्टीला प्रश्न विचारू द्या

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती एक उत्तरपत्रिका. स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा गौरव असतो, देणगीदारांचे ऋणनिर्देश असतात, माजी विद्यार्थ्यांच्या यशाच्या नोंदी असतात. ते सारे या अंकात अन्यत्र आहेच आणि असायलाच हवे. मी मात्र येथे माझ्या अध्यापनातील एक चूक नोंदविणार आहे. त्या चुकीतून मी जे शिकलो, ते पालकांपुढे, माजी विद्यार्थ्यांपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवणे मला अधिक अगत्याचे वाटते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा इतिहासाबरोबर आठवीच्या वर्गाला मराठीही शिकवीत असे. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत मीच एक प्रश्न काढला होता : ‘एकलव्याचे स्वभावचित्र तुमच्या शब्दांत रेखाटा. (गुण ५)’ वर्गातील जवळजवळ सर्व मुलांनी अपेक्षित उत्तर लिहिले. एकलव्य गुरुभक्त होता, आज्ञाधारक होता, त्यागी होता, जिद्दी होता. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने मात्र वेगळेच लिहिले. त्याचे म्हणणे असे, की एकलव्य आज्ञाधारक नव्हता. द्रोणाचार्यांनी ‘शिकविणार नाही’ म्हटल्यावर तो आज्ञाधारक असता तर मुकाट्याने घरी परतला असता, पण तो रानात जाऊन स्वतःच्या बळावर शिकला. पुढे त्याने लिहिले होते, की अंगठा मागितला तेव्हा द्रोणांच्या बरोबर अर्जुन होता, एकलव्याच्या बरोबर कोणीच नव्हते.

त्या उत्तराला मी पाचपैकी दीड गुण दिला आणि लाल शाईने शेरा मारला, ‘विषयास सोडून’.

त्याच आठवड्यात विहारातील एका कार्यक्रमात मी एकलव्याच्या अंगठ्यावर तावातावाने भाषण केले होते. ज्ञानाचा अधिकार नाकारणाऱ्या व्यवस्थेवर कोरडे ओढले होते आणि टाळ्याही घेतल्या होत्या. सायंकाळी व्यासपीठावर जे मी बोलत होतो, तेच एका चौदा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बुद्धीने शोधून काढून उत्तरपत्रिकेत लिहिले, तेव्हा सकाळी मीच त्याचे गुण कापले. कारण काय, तर नमुना उत्तरात ते नव्हते, आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेत अशा उत्तराला कोण गुण देणार, ही धास्ती. त्या मुलाने माझ्याकडे तक्रार केली नाही. पुढच्या चाचणीत त्याने गाईडमधील उत्तर शब्दशः उतरविले. मी त्याला पाचपैकी चार गुण दिले. या चार गुणांची लाज मला त्या दीड गुणापेक्षा अधिक वाटते; कारण दीड गुण ही एका दिवसाची चूक होती, चार गुण हा त्याला मी शिकविलेला धडा होता.

आपल्या शाळांमधून कथा शिकविली जाते ती अशी. पात्र म्हणजे विशेषणांची यादी, स्थळ म्हणजे ‘रिकाम्या जागा भरा’ मधील एक गाव, आणि कथानक म्हणजे सारांश. मूल गोष्ट वाचत नाही, गोष्टीचे उत्तर वाचते. वस्तुतः पात्र, स्थळकाळ आणि कथानक यांचा विचार करणे म्हणजे तीन साधे प्रश्न विचारणे होय. हा माणूस असा का वागला? हे येथेच आणि तेव्हाच का घडले? एका घटनेतून दुसरी घटना कशी निघाली? हे तिन्ही प्रश्न केवळ मराठीच्या तासाचे नाहीत. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी सांगतो, की इतिहासाचेही हेच तीन प्रश्न आहेत. आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने तर ते जगण्याचेच प्रश्न आहेत. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी रचलेल्या गोष्टीतले दुय्यम पात्र म्हणून जगावे लागले, त्या समाजाच्या मुलांना गोष्ट तपासता आली पाहिजे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा त्यांनी दुसरे काय केले? वामनाने बळीला पाताळात घातले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आणि ऐकली जात होती. जोतीरावांनी त्या कथेतील पात्रांकडे पुन्हा पाहिले. दान देणारा राजा दंडास पात्र कसा ठरतो, मागणारा पूज्य कसा ठरतो, आणि ही कथा कोणाच्या सोयीची आहे, असे त्यांनी विचारले. त्याआधी, १८५५ साली, फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आपल्या लोकांच्या दुःखाची कारणे ती त्या निबंधात विचारते. शाळेत बसायला मिळाल्यावर एका मुलीने पहिली गोष्ट कोणती केली, तर प्रश्न विचारला. आमच्या शिक्षणाची परंपरा येथून सुरू होते, पाठांतरापासून नव्हे.

आता हे वर्गात कसे करावे, याविषयी थोडे अनुभवाचे लिहितो. पाचवी-सहावीची मुले गोष्ट सांगतात तेव्हा ‘मग’ या शब्दावर सांगतात. मग तो गेला, मग वाघ आला, मग तो पळाला. मी त्यांना एक खेळ देतो. जेथे जेथे ‘मग’ आले असेल, तेथे ‘म्हणून’ घालता येते का ते पाहा. काही ठिकाणी ‘म्हणून’ चपखल बसते, काही ठिकाणी बसत नाही. जेथे बसत नाही, तेथे थांबायचे आणि विचारायचे : मग हे घडले कशामुळे? ‘मग’ ने घटनांची रांग लागते. ‘म्हणून’ ने कथानक तयार होते. भगवान बुद्धांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात मोठमोठ्या शब्दांत समजावतो आणि मुले जांभया देतात. कारणावाचून काही घडत नाही आणि कारण नाहीसे केले की परिणामही नाहीसा होतो, हे तत्त्व दहा वर्षांच्या मुलाला ‘मग’ च्या जागी ‘म्हणून’ घालताना हाताशी लागते.

पात्रांच्या बाबतीत माझा एकच नियम आहे : विशेषण लिहायचे असेल तर त्याच्यापुढे गोष्टीतील पुरावा लिहायचा. ‘प्रेमळ’ लिहिले, तर तो कोठे प्रेमाने वागला ते सांगा. आणि त्याच पात्राच्या वागण्यात त्या विशेषणाला छेद देणारी एखादी गोष्ट सापडते का, तेही शोधा. अंगुलिमालाची कथा आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ‘अंगुलिमाल चांगला की वाईट?’ असे विचारले की वर्ग दोन्ही बाजूंनी ओरडतो. मी विचारतो, कोणत्या दिवशीचा अंगुलिमाल? माणूस बदलतो, हे एकदा ध्यानात आले की विशेषणांची यादी अपुरी पडू लागते. मग मी त्यांना कथेचा शेवट सांगतो, जो पुष्कळदा सांगायचा राहून जातो. भिक्खू झाल्यानंतरही अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी टाकलेल्या दगडांनी तो रक्तबंबाळ होऊन परतला, आणि तथागतांनी त्याला ते सहन करण्यास सांगितले. माणूस बदलला तरी त्याने केलेल्या कृत्यांची आठवण गावात शिल्लक असते. एका सातवीच्या मुलाने येथे विचारले होते, ‘सर, दगड मारणाऱ्यांचे तरी काय चुकले? त्यांची माणसे मेली होती ना?’ या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. वर्गावरच सोपवले, आणि तो तास संपेपर्यंत कोणी घंटेकडे कान लावला नाही.

आठवी-नववीच्या मुलांसाठी माझ्या मते बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधील पहिल्या प्रसंगासारखा पाठ नाही. बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील काही अनुभव त्यात लिहून ठेवले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. प्रसंग सुमारे १९०१ सालचा आहे. वडील सुभेदार रामजी हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलाव खोदण्याचे काम चालले होते. सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावून घेतले. भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दिवंगत बहिणीची दोन मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची वाटली आणि त्यांची दया आली. पण ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ‘महार’ असे उत्तर मिळताच त्यांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. अखेर तोड निघाली ती अशी, की गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे. रात्रभर मुलांना पिण्याजोगे पाणी मिळाले नाही. शिदोरी बरोबर असून ती उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोहोचली तेव्हा उलगडा झाला, की मुलांनी पाठविलेले पत्र नोकराने वडिलांच्या हाती दिलेच नव्हते.

हा प्रसंग वाचून झाल्यावर मी मुलांना प्रथम नकाशा काढायला सांगतो. मसूर स्टेशन, वाटेतील नदी, मध्यरात्रीच्या सुमारास आलेला टोलनाका, त्यापलीकडे गोरेगाव. प्रत्येक ठिकाणापुढे एकच गोष्ट लिहायची : येथे पाणी होते का, आणि मुलांना मिळाले का? नदीशी पाणी होते, पण ते शेणामुताने गढूळ झालेले. टोलनाक्यावर त्यांनी आपण मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरी नाकेदाराने पाणी डोंगरावर आहे म्हणून वाटेला लावले. नकाशा पुरा झाला की स्थळ म्हणजे काय, हे मला सांगावे लागत नाही. गावकूस, पाणवठा, रस्ता, रात्र यांपैकी काहीही या गोष्टीत नुसती शोभा म्हणून आलेले नाही. तेच गोष्ट घडवीत आहेत. आपल्या साहित्यात बाबुराव बागुलांपासून बेबीताई कांबळे यांच्यापर्यंत स्थळाला एवढे महत्त्व का आहे, हे त्या नकाशावरून मुलांना उमजते. चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ हा दिवसही त्यांना मग पाठ करावा लागत नाही. तहानलेल्या चार मुलांपैकी एक जण सव्वीस वर्षांनी त्या तळ्यावर उभा होता, एवढे ती आपापसांत जोडून घेतात.

त्यानंतर मी विचारतो, या प्रसंगातला खलनायक कोण? बहुतेक मुले तत्काळ म्हणतात, स्टेशनमास्तर. मी म्हणतो, पुरावा काढा. पुरावा काढता काढता त्यांना आढळते, की मुलांची दया येणारे तेच आहेत, तोंड फिरवून निघून जाणारे तेच आहेत आणि थोड्या वेळाने परत येऊन मार्ग सुचविणारेही तेच आहेत. कोणी म्हणते गाडीवान, कोणी म्हणते पत्र न देणारा नोकर. नोकर दोषी खराच. पण पत्र तर कोणत्याही मुलांचे चुकू शकते. दुसऱ्या मुलांचे चुकले असते तर त्यांना गाडीही मिळाली असती आणि पाणीही. चुकीची शिक्षा एवढी मोठी का झाली, हा प्रश्न उरतोच. तो माणसांच्या पलीकडे जातो. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रतिपादन केले आहे, की लोक जात पाळतात ते दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर धर्माने ती त्यांच्या मनात रुजविली आहे म्हणून. हा विचार मी वर्गात कितीदा तरी सांगितला असेल. पण स्टेशनमास्तरांच्या पात्राचा पुरावा गोळा करताना मुलांनी तो स्वतः गाठला, तेव्हा तो त्यांचा झाला.

याच प्रसंगात एक लहानशी जागा आहे. नदीकाठी जेवण झाल्यावर, अंधार पडल्यानंतर, विटाळाच्या भीतीने आतापर्यंत पायी चालणारा गाडीवान उडी मारून गाडीत चढला आणि मुलांबरोबर बसून स्वतः गाडी हाकू लागला. मुलांना नवल वाटले; विचारण्याचे धाडस झाले नाही. तो का चढला? एक मुलगी म्हणाली, ‘त्याला अंधाराची भीती विटाळापेक्षा मोठी वाटली असेल.’ दुसरा म्हणाला, ‘चालून दमला असेल.’ मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, दिवसा लोक बघत होते. रात्री बघायला कोणी नव्हते, म्हणून विटाळही नव्हता.’ मी क्षणभर गप्प झालो. जातीविषयी पुष्कळ ग्रंथ वाचूनही हे वाक्य मला सुचले नव्हते. मात्र मी तिला तेवढ्यावर सोडले नाही. मजकुरात कारण दिलेले नाही, तेव्हा हा तुझा तर्क आहे. त्याला आधार काय? तिने सांगितले, की दिवसा स्टेशनावर सर्वांसमोर त्याने नकार दिला होता आणि रात्री रस्त्यावर कोणी नव्हते, एवढा आधार आहे. तर्क आणि पुरावा यांतील अंतर तिला कळले, आणि आपला तर्क मांडण्याचे बळही आले. बोर्डाच्या गुणपत्रिकेत या कमाईसाठी रकाना नाही.

गोष्ट तपासून पाहणे हा श्रद्धेचा अवमान आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. त्यांना मी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाकडे बोट दाखवितो. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रारंभीच त्यांनी गृहत्यागाच्या पारंपरिक कथेवर शंका घेतली आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे सांगितले जाते. त्या वेळी तो २९ वर्षांचा होता. तोपर्यंत या नित्य घडणाऱ्या गोष्टी त्याने कधीच पाहिल्या नसतील, हे बुद्धीला पटते का, असे बाबासाहेब विचारतात. पात्राचे वय, त्याची परिस्थिती आणि सांगितलेले कारण यांचा मेळ बसतो का, हेच ते तपासत आहेत. मग ते दुसरे कारण पुढे ठेवतात. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ओढवू नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. या मांडणीत प्रत्येक ‘मग’ च्या जागी ‘म्हणून’ बसते. आणि पाहा, येथेही प्रश्न पाण्याचाच आहे. ज्या महामानवाने तथागतांच्या चरित्राचे कथानक तपासून घेतले, त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत मुलांना गोष्ट तपासण्याची मनाई कशी असेल?

आणि येथेच मला आपल्या घरातील एक दोष सांगितला पाहिजे. गाईडचे उत्तर आपण केवळ मराठीच्या पेपरात लिहितो असे नाही. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दिवशी आपली मुले जी भाषणे करतात, ती कोण लिहिते? आम्ही शिक्षक लिहितो, मुले पाठ करतात. मीही अशी भाषणे लिहून दिली आहेत. त्यांत बाबासाहेब असतात, पण मसूरच्या स्टेशनावरचा घाबरलेला मुलगा नसतो. रमाई असतात, पण त्यांच्या घरातील दिवसाचा हिशेब नसतो. विशेषणे मात्र भरपूर असतात. पुण्यात १९४३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्याविषयी बोलताना बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली होती, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्तीचा धोका स्पष्ट शब्दांत सांगितला होता. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ किंवा गुरू यांच्या आधारावर काही न स्वीकारण्याचा उपदेश केला. हे सर्व आपण सांगतो, आणि तेही पाठ करून घेतो! एकलव्याच्या उत्तराला दीड गुण देणारा शिक्षक आणि जयंतीचे भाषण पाठ करून घेणारा शिक्षक हा एकच माणूस आहे, हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली.

काही पालक मला विचारतात, आणि त्यांचा प्रश्न मला अनाठायी वाटत नाही : ‘गुरुजी, गोष्टी वाचून पोट भरते का? आम्ही ऊसतोडीला जाऊन, दुसऱ्याच्या रानात राबून मुलाला येथे ठेवले आहे. त्याला इंग्रजी, गणित शिकवा. स्कॉलरशिप मिळू द्या.’ मी त्यांना सांगतो, की इंग्रजी आणि गणित यांचा एक तासही मी कमी करणार नाही. पण उद्या हाच मुलगा करारावर सही करण्यापूर्वी तो वाचील, बातमी वाचताना ती कोणी आणि का लिहिली हे ओळखील, निवडणुकीतल्या भाषणातील ‘मग’ आणि ‘म्हणून’ यांतील भेद जाणील, कोणी चिथावणीची चित्रफीत पाठविली तर ‘पुरावा काय?’ म्हणून विचारील. ही शिदोरी कोणत्या विषयाच्या तासाला मिळणार? मुकादमाच्या उचलीचा हिशेब हीसुद्धा एक गोष्टच असते आणि ती सांगणारा मुकादम असतो. त्या गोष्टीला प्रश्न विचारता न आल्याने आपल्या कित्येक पिढ्या कर्जात गेल्या.

दुसरी शंका कोणी उघड बोलून दाखवीत नाही, पण ती असते : प्रश्न विचारायला शिकविले तर मुले आपल्यालाच प्रश्न विचारतील. विचारतात. एकदा स्थळाचा पाठ झाल्यावर मी मुलांना आपल्या शाळेच्या एखाद्या कार्यक्रमाचे वर्णन लिहायला सांगितले होते. कोण कोठे होते आणि काय करीत होते, एवढेच लिहायचे. नववीतील एका मुलीने लिहिले, की विहारातील कार्यक्रमात मुलगे व्यासपीठावर खुर्च्या मांडतात आणि सूत्रसंचालन करतात, मुली आत चहा करतात आणि पाहुणे गेल्यावर कप विसळतात. शेवटी तिने एक ओळ लिहिली होती : ‘आमच्या गोष्टीत मुलींचे स्थळ स्वयंपाकघर का आहे?’ ती वही मी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखविली. थोडी कुजबुज झाली, एकदोघांना ते उद्धटपणाचे वाटले. परंतु पुढील कार्यक्रमापासून कामांच्या पाळ्या लागल्या आणि कप विसळण्याची पाळी मुलांनाही आली. तिला या वेळी मी पाचपैकी पाच गुण दिले होते.

माझ्या काही अपेक्षा आहेत, त्या थोडक्यात मांडतो. शिक्षक बंधू-भगिनींनी आठवड्यातील एक तास केवळ वाचनासाठी राखून ठेवावा. त्या तासाला गाईड वर्गात आणू नये आणि उत्तर तपासताना निम्मे गुण मताला नव्हे, मताच्या पुराव्याला द्यावेत. पालकांनी दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी आले की त्याला एक गोष्ट सांगायला लावावी आणि मध्ये मध्ये ‘का?’ एवढेच विचारावे. त्यासाठी पालकाला अक्षर येण्याची गरज नाही. माझी आई निरक्षर होती. पण जात्यावर बसून ऐकलेल्या कथेतील राजाला तिने विचारलेले प्रश्न मला विद्यापीठातील वर्गातही कोणी विचारताना ऐकू आले नाहीत. आजी-आजोबांना गाव कसे होते, विहीर कोणाची होती, शाळेत पहिले पाऊल कोणी ठेवले, हे मुलांनी विचारून वहीत उतरवावे. आपला इतिहास दप्तरखान्यात फारसा सापडत नाही, तो या माणसांजवळ आहे आणि ती माणसे एकेक करून निघून जात आहेत. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी, की शाळेला भेट म्हणून तसबिरी पुष्कळ आल्या आहेत; आता पुस्तके यावीत. एकाच पुस्तकाच्या तीस प्रती याव्यात. एक प्रत कपाटात राहते, तीस प्रतींचा वर्ग होतो.

शेवटी, ज्या उत्तरपत्रिकेने हा लेख लिहविला तिच्याकडे वळतो. तो विद्यार्थी आज चाळिशीत असेल. तो कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. तो माजी विद्यार्थी असल्याने ही स्मरणिका त्याच्या हाती पडण्याचा संभव आहे, म्हणून हे येथे लिहितो. बाळा, तुझे उत्तर बरोबर होते. एकलव्य आज्ञाधारक नव्हता. तू पुरावा दिला होतास. मी तो वाचला, पण पाहिला नाही. तुझे साडेतीन गुण माझ्याकडे शिल्लक आहेत. ते तुला परत देता येत नाहीत, म्हणून तुझ्यानंतर त्या बाकावर बसलेल्या मुलांना मी ते देत आलो आहे. तुझी मुले शिकत असतील, तर त्यांच्या उत्तरपत्रिका एकदा चाळून पाहा. एखाद्या स्वतंत्र उत्तरावर लाल शाईचा शेरा दिसला, तर शाळेत जा आणि त्या शिक्षकाला नम्रपणे, पण ठामपणे विचार. मला तेव्हा कोणी विचारले असते, तर फार बरे झाले असते.

जय भीम! नमो बुद्धाय!